पोतं घेतलेला सोल्जर: लहानपणीचं विलायती युद्धकॉमिक कसं हुडकायचं

आमचे आबा चोपड्या बांधायचे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत पुढं दुकान आणि मागं घर. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांच्या खतावण्या आणि रोजमेळ दिवाळीच्या आधी दोन महिने आमच्याकडं यायला लागायचे. पुठ्ठ्याला जाडी यावी म्हणून आबा कापडाच्या आत रद्दीचे कागद खळीनं चिकटवायचे. ही रद्दी ते लक्ष्मीपुरीतून किलोवर आणत. तिच्यात विलायती कॉमिकचे गठ्ठे असले की आबा खूश व्हायचे, कारण तो कागद भरड असतो आणि खळ चांगली पितो. आम्ही खूश व्हायचो ते चित्रांसाठी. आबांची कातर चालायच्या आधी जेवढं बघता येईल तेवढं मी आणि दादा बघून घ्यायचो. आबा ओरडायचे, "बघा, पण पानं उलटताना थुंकी लावू नगासा."

त्यातलं एक चित्र माझ्या डोक्यात चाळीसहून जास्त वर्षं राहिलं. काळंपांढरं चित्र. पत्र्याची पसरट टोपी घातलेला एक सोल्जर चिखलातनं चाललाय आणि त्याच्या हातात एक पोतं आहे. नाव, मागची गोष्ट, पुढं काय झालं, यातलं काहीच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मला ते सापडलं. असंच एखादं पान तुमच्याही डोक्यात अडकलं असेल तर ते कसं हुडकायचं, हे मी केलं तसं सांगते. यातलं काही मी चुकून शिकले, तेही सांगते.

पहिलं काम म्हणजे मोबाइलला हात लावायचा नाही. आधी कागद घ्या आणि आठवतंय ते लिहून काढा, जसंच्या तसं, मराठीत. एकदा का पडद्यावर दुसरी शंभर चित्रं बघितली की आपलं चित्र त्यांत मिसळतं आणि मग आपलं कुठलं हे कळत नाही. मी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं होतं: "दुसरं महायुद्ध. कमांडो कॉमिक. मोठा दांडगा माणूस. पोत्यात बटाटे असावेत, कुठल्यातरी शेतातनं चोरलेले. पाऊस. चेहऱ्यावर आडव्या उभ्या खूप रेघा." यातलं जवळजवळ सगळं चुकीचं निघालं. बरोबर ठरलं ते पोतं आणि चेहऱ्यावरच्या रेघा. तरी तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण नऊ वर्षांच्या मुलीनं काय पाहिलं होतं याचा तेवढाच पुरावा आहे. तुम्हीही तुमचा पहिला कागद दुरुस्त करू नका. नवं कळेल ते खाली तारीख घालून लिहा.

मग घरातल्या ज्यानं ते पान पाहिलं असेल त्याला विचारा. पण आपल्याला आठवतं ते आधी सांगायचं नाही. सांगितलं की समोरचा "हां हां, तेच" म्हणतो आणि वाट तिथंच बंद होते. मी दादाला फोन करून एवढंच विचारलं, "आबांच्या रद्दीतला एखादा सोल्जर आठवतोय का तुला?"

"कुठला? त्यो पत्रं लिवणारा?"

"कुठली पत्रं?"

"आगं, मधीमधी हातानं लिवल्यागत अक्षरं असायची न्हवं का. तू त्यातली स्पेलिंगं शाळंत लिवून आलतीस. बाईंनी लाल शाईनं वही रंगवली हुती तुझी."

ती वही, ती लाल शाई मी पार विसरून गेले होते. दादानं सांगितल्यावर त्या दिवशीचा वर्गच डोळ्यांसमोर आला. पुस्तकात छापलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मला वाटलं होतं. त्या पत्रातली स्पेलिंगं लिहिणाऱ्यानं मुद्दाम चुकवलेली होती हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. पण शोधाला खरी दिशा त्या चुकलेल्या स्पेलिंगांनीच दिली.

आता पान कुठल्या जातीचं आहे ते ठरवायचं. आपल्याकडं त्या काळातलं कुठलंही युद्धाचं इंग्रजी कॉमिक म्हणजे "कमांडो", असं सरसकट म्हटलं जातं. स्टेशनवरच्या स्टॉलवर आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांत तीच जास्त दिसायची, म्हणून असेल. कमांडो हे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन कंपनीचं. ते १९६१ मध्ये सुरू झालं आणि अजून चालू आहे. २०१७ मध्ये त्याचा पाच हजारावा अंक निघाला. त्याची ओळख सोपी आहे. आकार तळहातापेक्षा थोडा मोठा, साठावर पानं, एका पानावर दोन-तीन चित्रं, एका अंकात एक पूर्ण गोष्ट आणि मुखपृष्ठावर खंजीर. त्याच आकाराची वॉर पिक्चर लायब्ररी लंडनच्या अमॅल्गमेटेड प्रेसनं (पुढं हीच कंपनी फ्लीटवे झाली) त्याच्याआधी, १९५८ मध्ये काढली होती. तुमचं पान या छोट्या पुस्तकांतलं असेल तर एक लक्षात ठेवा. कमांडोवाले जुन्या गोष्टी नव्या क्रमांकानं पुन्हा छापतात, तेव्हा एकच गोष्ट दोन-तीन क्रमांकांवर सापडू शकते. क्रमांक जुळला नाही म्हणून लगेच सोडून देऊ नका.

साप्ताहिकं वेगळी. ती मासिकाएवढी मोठी, कागद वर्तमानपत्री, एका अंकात पाच-सहा क्रमशः गोष्टी आणि प्रत्येकीला तीन-चार पानं. गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत किंवा तिच्या खाली पुढच्या आठवड्यात काय होणार याची एक ओळ असते. तुमच्या पानाच्या कोपऱ्यात "नेक्स्ट वीक" दिसलं तर कमांडोचा नाद सोडा, कारण कमांडोत पुढचा आठवडा नसतो. मी तीन महिने कमांडोची मुखपृष्ठं बघण्यात घालवले. आबांनी कापलेले कागद पुठ्ठ्याच्या मापाचे असायचे आणि पुठ्ठा मोठा होता, एवढा विचार मी आधी केला असता तर ते तीन महिने वाचले असते. तळहाताएवढं पान रोजमेळाच्या पुठ्ठ्याला पुरणार कसं?

तिसरी गोष्ट, युद्ध कुठलं. मी टोपीवरून दुसरं महायुद्ध धरलं होतं आणि तिथंच फसले. ब्रिटिश सोल्जरची ती ताटासारखी पसरट टोपी दोन्ही युद्धांत जवळजवळ सारखीच आहे, तिच्यावरून काही ठरत नाही. पाय बघा. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत कापडाची पट्टी गुंडाळलेली असेल तर ते पहिलं महायुद्ध. या गुंडाळीला इंग्रजीत "पटी" म्हणतात, आपलाच पट्टी हा शब्द फौजेबरोबर तिकडं गेला. दुसऱ्या युद्धात त्यांच्या घोट्यावर आखूड गेटर असतात. रणगाडा दिसला तर त्याचे पट्टे बघा. पट्टे रणगाड्याच्या सगळ्या अंगावरून, डोक्यावरूनसुद्धा फिरत असतील आणि वरती बुरूज नसेल तर तो पहिल्या युद्धातला. असे रणगाडे पहिल्यांदा १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत उतरले. विमानाला दोन मजली पंख असतील तरी पहिलंच युद्ध धरा, पण हा पुरावा पट्टीइतका पक्का नाही.

इथवर सगळं डोक्यातलं होतं. हातात कागद आला तो नशिबानं. गुळाच्या एका जुन्या अडत्याच्या नातवानं गोदाम रिकामं केलं आणि चोपड्या रद्दीत घालायच्या आधी मला विचारायला आला. १९८१-८२ चा रोजमेळ हातात घेतला आणि बघताच ओळखला. आबा कोपऱ्याला लाल कापड लावताना घडी आतल्या बाजूला दोनदा मारायचे. कोल्हापुरात दुसरं कोणी तसं करत नव्हतं. आतला अस्तराचा कागद एका कडेनं सुटला होता आणि त्याच्या खालून एक काळी चौकट दिसत होती.

तुमच्याकडं जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात, ट्रंकेच्या तळाला किंवा फ्रेमच्या मागं असं चिकटवलेलं पान असेल तर घाईनं ओढू नका. जुनी खळ मैद्याची असते आणि पाण्यानं सुटते, ही आपल्या बाजूची गोष्ट. पण बांधणारे खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विष आहे, म्हणून हातमोजे घाला, काम झाल्यावर हात धुवा आणि पोराबाळांना लांब ठेवा. पुठ्ठा आणि आतली पानं यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद सरकवा, कारण चोपडीतली दौतीची शाई ओलीनं पसरते. छापलेली शाई सहसा पसरत नाही. तरी कोपऱ्यावर ओल्या कापसाची वात मिनिटभर टेकवून बघा. वातीला रंग लागला तर तिथंच थांबा.

मग टीपकागद पाण्यात भिजवून पुरता पिळून घ्या. त्यातून थेंब पडता कामा नये. तो पानावर ठेवा, वर प्लास्टिक टाका आणि वीस मिनिटं हात लावू नका. मी पंधराव्या मिनिटाला उचलून बघितलं आणि एक कोपरा फाडला. तो कोपरा आज माझ्याकडं वेगळ्या पाकिटात आहे. वीस मिनिटांनी हाडाची पट्टी कडेनं आडवी सरकवा. पट्टी कागदाला समांतर ठेवायची, टोक वर करायचं नाही. एक बोट सुटलं की थांबायचं, परत ओल द्यायची आणि मग पुढं जायचं. ओला वर्तमानपत्री कागद म्हणजे दुधावरची साय, हातानं उचलायला गेलात तर गोळा होतो. सुटत जाईल तसतसा त्याच्याखाली विरळ जाळीचं कापड सरकवत न्या आणि शेवटी कापडासकट उचला. दोन कोऱ्या टीपकागदांच्या मध्ये ठेवा, वर सपाट पाट आणि वजन. पहिल्या अर्ध्या तासानं टीपकागद बदला, मग तासाभरानं, मग रात्रभर तसंच राहू द्या. उन्हात वाळवायचं नाही, इस्त्री तर अजिबात नाही. मला एका पानाला आख्खा दिवस लागला आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीपकागद उचलला. पान अर्धंच होतं, वरचा भाग आबांच्या कातरीत गेलेला. तीन चित्रं होती. एका चित्राच्या कडेला हातानं लिहिल्यासारखी अक्षरं, त्यातले चार शब्द चुकलेले आणि खाली नाव. दादाचं बरोबर होतं. पोतं मात्र त्या पानावर नव्हतं. मी ते पान किती वेळा उलटसुलट केलं ते सांगत नाही.

पण नाव मिळालं होतं: चार्ली. इथं एक बारीक गोष्ट आहे. रोमन लिपीत हे नाव शोधताना शेवटी आय-ई टाकलं तर नुसता चॅप्लिन येतो. त्या पानावर शेवटी ई-वाय होतं. कागदावरचं स्पेलिंग आहे तसंच टाका आणि बरोबर "पहिलं महायुद्ध" आणि "ब्रिटिश कॉमिक" एवढे साधे शब्द जोडा. इंटरनेटवरच्या ग्रँड कॉमिक्स डेटाबेसमध्ये अंकांची मुखपृष्ठं तारीखवार बघता येतात, पण नाव कळल्यावर. नावाशिवाय तिथं उतरणं म्हणजे रंकाळ्यात पडलेली नथ हुडकणं.

माझं कॉमिक म्हणजे "चार्लीज् वॉर". लेखक पॅट मिल्स, चित्रकार जो कोल्हून. "बॅटल" नावाच्या साप्ताहिकात ते ६ जानेवारी १९७९ च्या अंकापासून सुरू झालं. तुम्ही याच साप्ताहिकाचे अंक शोधणार असाल तर मथळ्याला फसू नका, कारण तो बदलत गेला. १९७५ मध्ये निघालं तेव्हा "बॅटल पिक्चर वीकली", १९७७ च्या अखेरीस "अॅक्शन" हे दुसरं साप्ताहिक त्यात मिसळलं तेव्हा "बॅटल अॅक्शन", १९८३ मध्ये "बॅटल अॅक्शन फोर्स". १९८८ च्या सुरुवातीला ते "ईगल"मध्ये विलीन झालं. त्यामुळं जुनी पुस्तकं विकणाऱ्यानं "बॅटल नाही, अॅक्शन आहे" म्हटलं तरी उघडून बघा.

मूळ अंक इकडं मिळणं कठीण आहे आणि परदेशातून मागवले तर टपालखर्चच जीव घेतो. रिबेलियन या प्रकाशनानं २०१८ मध्ये ही मालिका तीन खंडांत काढली. मी पहिला खंड मागवला, "बॉय सोल्जर". पार्सल दुकानात आलं तेव्हा एका मुलीचं स्पायरल बाइंडिंग चालू होतं. तिचं झाल्यावर शटर अर्धं ओढून बसले.

चार्ली बोर्न हा लंडनचा मुलगा. फौजेत जायला अठरा वर्षं लागतात म्हणून तो वय खोटं सांगतो. तो सोळा वर्षांचा आहे. मी कागदावर "मोठा दांडगा माणूस" लिहिलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला सोळाचा मुलगा दांडगाच दिसणार. आज माझा धाकटा त्याच्याहून मोठा आहे. चार्ली सोमला जातो आणि १ जुलै १९१६ ची सकाळ येते. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे ५७,४७० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मेलेले १९,२४०. कोल्हून या सगळ्याची आठवड्याला तीन पानं काढायचा. चिखल काढताना त्यानं एकही चौकट रिकामी सोडलेली नाही आणि माझ्या आठवणीतल्या त्या चेहऱ्यावरच्या रेघा तिथं खरोखर आहेत, बारीक, जवळजवळ, सुईनं ओढल्यासारख्या.

आणि पोतं. चार्लीचा दोस्त जिंजर तोफेच्या गोळ्यात जातो. चार्ली त्याचं जे काही उरलं ते पोत्यात गोळा करतो. मी चाळीस वर्षं त्यात बटाटे घातले होते. ते पान उघडं ठेवून दादाला फोन केला. सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आबांना ठावं आसंल का गं?" आबांना इंग्रजी येत नव्हतं. पण चित्रं तर त्यांनी बघितलीच असणार. रद्दी निवडताना काही पानं ते दुमडून बाजूला ठेवायचे आणि ती आमच्या हाती लागायची नाहीत, हे आम्हा दोघांनाही आता आठवतं.

एक काम मी याला जोडून केलं. तुम्हीही करावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या कॉमिकमधलं साल घ्या आणि त्या साली आपल्याकडची माणसं कुठं होती ते बघा. चार्ली सोमला पोचला त्याच १९१६ मध्ये, २९ एप्रिलला, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूटच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेनं शरणागती पत्करली. त्या फौजेत मराठा पलटणीही होत्या आणि आपल्या भागातली पोरं त्या पलटणींत जायची. माझ्या आजोळी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातनं महायुद्धाला किती गेले आणि किती कामी आले एवढंच तिच्यावर कोरलंय, नावं नाहीत. लहानपणी आम्ही लपंडाव खेळताना त्या पाटीवर हात टेकवून आकडे मोजायचो. यंदा गेले तेव्हा ती नीट वाचली आणि चार्लीच्या कागदाखाली तारीख घालून तेही लिहिलं. तुमचं कॉमिक दुसऱ्या युद्धाचं असेल आणि त्यात पोलंड असेल तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जाऊन या. १९४३ पासून पुढं काही वर्षं हजारो पोलिश निर्वासित, त्यात कितीतरी बायकापोरं, तिथल्या छावणीत राहत होती. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

पान सापडल्यावर ते टिकवायचं कसं, हे थोडक्यात. असा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, उजेडात पिवळा पडतो आणि मोडायला लागतो. आधी स्कॅन करा, रंगीत मोडवर. चित्र काळंपांढरं असलं तरी काळ्यापांढऱ्या मोडवर स्कॅन केलं की बारीक रेघा जातात. पानाच्या मागं काळा कागद ठेवलात तर मागच्या बाजूचं छापलेलं आरपार दिसत नाही. फाटलंय तिथं सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत तपकिरी पट्टा उरतो. लॅमिनेशन तर करूच नका. मी स्वतः दिवसभर लॅमिनेशन करून देते, तरीही सांगते, परत काढता येत नाही. आम्लमुक्त कागदाच्या घडीत, पुठ्ठ्याच्या डब्यात, आडवं ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेव्हा डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला. अंकाला पिना असतील तर त्या गंजून कागद खातात. त्या मागून सरळ करून काढा आणि दोऱ्यानं दोन टाके घाला.

पान कुठून मिळालं ते डब्याच्या आत लिहून ठेवा. माझ्या डब्यात लिहिलंय: "१९८१-८२ च्या रोजमेळाच्या मागच्या पुठ्ठ्यातून काढलं. बांधणी आबांची. कोपरा माझ्या हातून फाटला."

तो रोजमेळ अडत्याच्या नातवानं मला देऊन टाकला. पुढच्या पुठ्ठ्यातही काहीतरी आहे, उजेडासमोर धरलं की चौकटीची काळी कड दिसते. तो मी अजून उघडलेला नाही. मागचा पुठ्ठा मात्र नवी खळ करून बंद केला, आबांसारखी घडी आतल्या बाजूला दोनदा मारून. तीन बाजू चिकटवल्या. चौथीला खळ लावली नाही, म्हणजे दादा दिवाळीला आला की पान आत सरकवून बघता येईल, कुठं होतं ते.